अठ्ठावन्नावे वर्ष व पहाटेची वाट

(सुवर्णमहोत्सवाच्या सायंसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडून नकार दिला. वर्गातील मुलांपुढे बोलण्यात आमची तेहतीस वर्षे गेली आहेत हे खरे. परंतु मुलांपुढे बोलणे सोपे, कारण त्यांस आपला पूर्वेतिहास ठाऊक नसतो. येथे बसलेल्या मंडळींनी आम्हांस घसरताना पाहिले आहे, सावरतानाही पाहिले आहे. त्यांच्यापुढे पांडित्य चालत नाही. ही अडचण आम्ही समितीपुढे मांडली, तेव्हा समितीतील एक वडील हसून म्हणाले, "गुरुजी, पांडित्य कोणी मागितले आहे? तुम्ही येत्या ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणार. घरी बसण्याची तयारी कशी चालली आहे, तेवढेच सांगा." तात्पर्य, आजचा विषय आमच्या पसंतीचा नव्हे. परंतु त्यावर विचार करता करता या महोत्सवाचा व आमच्या निवृत्तीचा एक धागा आमच्या हाती लागला, तो आपल्यापुढे ठेवितो.

प्रथम तारखेची हकिकत सांगितली पाहिजे. आमची सरकारी जन्मतारीख १ जून. या सभेत १ जूनचे आणखी किती जण बसले आहेत, हे हात वर करावयास सांगितले तर निम्मा मांडव हात वर करील! ज्यांस ठाऊक नाही त्यांच्याकरिता सांगतो. आमच्या लहानपणी शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास पोहोचतो की नाही, ते पाहात. हात पोहोचला की मूल सहा वर्षांचे झाले! मग बापास जन्मतारीख विचारावयाची; बाप म्हणे, "पेरणी आटोपली होती," किंवा "त्या साली विहीर खणली." पेरणीची व विहिरीची तारीख गुरुजींनी कोठून काढावी? ते १ जून लिहीत व मोकळे होत. आमच्या राज्यात सरकारी नोकर सहसा वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर मागच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून दरवर्षी ३१ मे या एकाच दिवशी महाराष्ट्रात निरोपाचे हार, नारळ व शाली यांचा पूर येतो. त्या पुरात यंदा आमचाही एक नारळ आहे.

आता या स्मरणिकेसाठी जुने कागद चाळण्याचे काम फादरांनी आमच्याकडे सोपविले. आपल्या देवळातील लग्नांची कागदपत्रे आम्ही एकामागून एक पाहात असता आमच्याच लग्नाचे पाकीट हाती आले. आपण सर्व जाणता की, लग्नाच्या वेळी वधूवरांचा बाप्तिस्म्याचा दाखला ज्या त्या मिशनमधून मागवावा लागतो. आमचा दाखला गोदाकाठच्या जुन्या मिशनमधून आला होता. त्यावर आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, आणि जन्माची तारीख: १७ नोव्हेंबर. एकतीस वर्षे तो कागद येथे पडून होता आणि आम्ही तो कधी वाचिला नव्हता! लग्नाच्या घाईत कोण दाखला वाचतो? आम्हांस बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांनी मात्र आईस नीट विचारून तारीख लिहिली असली पाहिजे. म्हणजे सरकार आम्हांस जितके म्हातारे समजते, त्याहून आम्ही साडेपाच महिन्यांनी लहान आहोत. निवृत्तीनंतर हे साडेपाच महिने सरकारच्या हिशेबात नाहीत आणि देवाच्या हिशेबात आहेत. ते कोणाचे, हा प्रश्न आम्हांस त्या दिवसापासून पडला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे आयुष्य म्हणजे बदल्यांची जपमाळ. भोकरदन, मंठा, परतूर, अंबड, असे एकेक मणी ओढीत आम्ही जिल्ह्याची प्रदक्षिणा केली. शिक्षकाने नेमणुकीच्या गावी राहावे, असा नियम. मुलांनी मात्र जालन्यास सिस्टरांच्या शाळेत शिकावे, अशी आमची इच्छा. तेव्हा आम्ही सोमवारी पहाटे एसटीने गावी जावे, शाळेशेजारच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवावी, शनिवारी दुपारी परतावे, रविवारी मिस्सेस जावे, आणि सोमवारी पुन्हा पिशवी उचलावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आमच्या कुटुंबाने, म्हणजे सौभाग्यवतीने, दोन मुले वाढविली, सासूची सेवा केली, आणि जालना शहरात राहणाऱ्या प्रत्येक गृहिणीप्रमाणे पाण्याची वाट पाहिली. येथे नळास पाणी आठवड्याने किंवा त्याहून उशिरा यावे, आणि तेही अपरात्री यावे, हे वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले. २०१२-१३ च्या दुष्काळात तर घाणेवाडीचा तलाव आटला आणि शहर टँकरवर जगले. त्या उन्हाळ्यात आम्ही परतूर तालुक्यात होतो. घरी आलो की भरलेली पिंपे दिसत. ती कोणी भरली, कोणत्या प्रहरी भरली, हे आम्ही कधी विचारिले नाही. भरलेले पिंप दिसले की मनुष्यास वाटते, पिंप भरलेलेच असते.

असो. तीन वर्षांपूर्वी आमची बदली जालना तालुक्यात झाली आणि आम्ही घरी राहू लागलो. गतवर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितले, रोज पाऊण तास चाला. जालन्यात पहाटे चालावयाचे म्हणजे मोतीबागेकडे, मोती तलावाच्या काठाने. हा तलाव जुना आहे. मलिक अंबरच्या काळी जमशेदखानाने तो बांधला व तेथून जमिनीखालील नळांनी शहरातील हौदांत पाणी खेळविले, असा इतिहास आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्या गावात पाणी आपणहून हौदांत येई, त्या गावात आज आपण पाण्याच्या वाराची वाट पाहतो. परंतु तो विषय निराळा.

प्रारंभी आमचे चार जणांचे टोळके होते. एक एसटीतील निवृत्त वाहक, एक बँकेतील कारकून, एक मोसंबीचे बागाईतदार, आणि आम्ही. चालताना विषय एकच: पेन्शन. मूळ वेतनाचे निम्मे मिळणार, त्यातील किती विकावयाचे, उपदानातून घराची गच्ची दुरुस्त करावयाची की जावयास मोटारसायकल द्यावयाची. आमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असल्यामुळे आम्हांस जुन्या नियमाने पेन्शन मिळेल. आमच्याच शाळेतील तरुण सहकाऱ्यांस तसे नाही, आणि त्याकरिता २०२३ च्या मार्च महिन्यात राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, हे आपणांस स्मरत असेल. एके दिवशी तलावाच्या काठी हा हिशेब रंगला असता बाग झाडणारी एक म्हातारी क्षणभर झाडू थांबवून ऐकू लागली. वाहकमित्राने सहज विचारिले, "आजी, तुम्ही कधी निवृत्त होणार?" ती म्हणाली, "उचलतील तवा." आम्ही सर्व हसलो. घरी जाईपर्यंत ते हसू घशात अडकले.

बंधुभगिनींनो, निवृत्ती ही सर्वांच्या वाट्यास येणारी गोष्ट नव्हे. याच मांडवात बसलेले कितीतरी बांधव लोखंडी सळयांच्या कारखान्यांत भट्टीसमोर घाम गाळतात. त्यांच्यापैकी ज्यांची भविष्यनिर्वाह निधीत नोंद आहे त्यांस अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन आहे; परंतु त्या योजनेतील किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली. एक हजारात महिन्याचे औषध येते की किराणा, हे ज्याचे त्याने सांगावे. ज्यांची नोंदच नाही, जे रोजाने जातात, जे कापूस वेचतात, जे दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात, त्यांस ३१ मे ही तारीख नाही. आणि या सर्वांहून निराळा एक वर्ग आहे, ज्याची सेवापुस्तिका कोणी उघडलीच नाही. त्या वर्गास आपण 'घरची मंडळी' म्हणतो.

पुढे हिवाळ्यात आमचे टोळके मोडले. वाहकमित्र मुलाकडे पुण्यास गेले, कारकुनांचे गुडघे दुखू लागले, बागाईतदार मृगबहार उतरविण्याच्या गडबडीत लागले. एकट्याने चालण्याचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा एके दिवशी आम्ही कुटुंबास म्हटले, "चल की तूही." ती म्हणाली, "मी कामून चालू? घरातल्या घरात मी रोज अंबडला जाऊन येते." तरी ती आली. एकतीस वर्षांत आम्ही उभयता लग्नास गेलो, मयतीस गेलो, दवाखान्यात गेलो, यात्रेस गेलो; परंतु कोठेही पोहोचावयाचे नसता, नुसते चालण्याकरिता म्हणून, कधीच गेलो नव्हतो.

पहिले काही दिवस ती आमच्या दोन पावले मागे चाले. आम्ही थांबलो की तीही थांबे. अंधार असता रस्ता ओलांडताना ती आमची बाही धरी. खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याचा मनातून आनंद झाला. आम्ही समजलो, उतारवयात प्रेम वाढते म्हणतात ते हेच! चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही मिशा सावरून तसे बोलूनही दाखविले. ती नुसती हसली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तलावाच्या काठी बगळ्यांची रांग बसली होती. आम्ही म्हटले, "पाहा, किती बगळे!" ती "हो" म्हणाली. परंतु ती भलतीकडेच पाहात होती. आम्ही गमतीने म्हटले, "सांग बरे, किती आहेत?" ती गप्प राहिली. शाळामास्तराची खोड मोठी वाईट. उत्तर न देणाऱ्या मुलास आम्ही तेहतीस वर्षे जसे पुन्हा विचारीत आलो, तसेच तिलाही पुन्हा विचारिले. तेव्हा ती पदर सारखा करीत म्हणाली, "मला दिसत नाहीत."

उजव्या डोळ्यापुढे दोन वर्षांपासून धुके होते. डाव्यातही उतरू लागले होते. बाही धरण्याचे कारण प्रेम नव्हते, रस्ता होता.

त्या बाकावर बसून आम्ही एकेक गोष्ट तिच्याकडून काढून घेतली. नोट किती रुपयांची, हे ती आकारावरून ओळखी. सुई ओवून घेण्यास शेजारच्या मुलीस हाक मारी. पायरीचा अंदाज अंगठ्याने घेई. तांदूळ निवडावयाचे तर ते उन्हात नेऊन बोटांनी निवडी. आणि एक गोष्ट आम्ही तुमच्यापुढे कबूल करितो, कारण ती याच देवळात घडली आहे. गेली दोन वर्षे रविवारच्या मिस्सेत ती गायनाचे पुस्तक उघडून धरी आणि पुष्कळदा पान चुकलेले असे. आम्ही शेजारून हात लांब करून, कपाळास आठी घालून, पान बदलून देत असू. शंभर माणसांपुढे आपल्या बायकोस पान सापडत नाही, याची आम्हांस लाज वाटे! ती पुस्तक पाहून गातच नव्हती. तिला सर्व गीते पाठ होती. पुस्तक ती आमच्याकरिता उघडी, आम्हांस काही कळू नये म्हणून.

आम्ही विचारिले, "सांगितले का नाहीस?" तिने दिलेले उत्तर आम्ही येथे जसेच्या तसे सांगतो. ती म्हणाली, "लेकीचं लग्न होतं. मग तुमची बदली. मग तुमची साखर. सगळ्यांची पाळी होती. माझीबी येणारच होती की." तिच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती, आणि म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. नळाच्या रांगेत बाई जशी घागर घेऊन उभी राहते, पुढच्याचे भरून होईतो वाट पाहते, तशी ती स्वतःच्या दृष्टीकरिता रांगेत उभी होती; आणि रांगेत पुढे आम्हीच उभे होतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेची कथा आपण पुनरुत्थानाच्या काळात दरवर्षी ऐकतो. दोन शिष्य यरुशलेमेहून निघाले; वाट साठ स्तादे, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे अकरा किलोमीटर. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव दिलेले नाही, आणि ती त्याची पत्नीच असावी असे कित्येकांस वाटते. प्रभू त्यांच्याबरोबर चालत होता, परंतु त्यांस तो ओळखू आला नाही. आम्ही लहानपणापासून या कथेत स्वतःस क्लयपाच्या जागी ठेवीत आलो आहो. त्या दिवशी मोती तलावाच्या काठी प्रथमच मनात आले की, प्रभूस ओळखणे तर दूरच, क्लयपाच्या बरोबर जे नाव नसलेले माणूस चालत होते, त्याचा चेहरा तरी आपण कधी निरखिला आहे काय? आमच्या घरात मोतीबिंदू कोणास झाला होता, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

मोतीबिंदूविषयी दोन शब्द सांगतो, कारण सभेत वयस्कर मंडळी पुष्कळ आहेत. आपल्या डोळ्यातील भिंग वयाबरोबर गढूळ होते आणि प्रकाश आत नीट पोहोचत नाही. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण हेच. आणि दुःखाची गोष्ट अशी की, हे अंधत्व बहुतेक वेळा दूर होण्याजोगे असते. डोळ्यात थेंब घालून ते जात नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. काम थोड्या वेळाचे, आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. म्हणजे आमच्या कुटुंबास दोन वर्षे अंधारात ठेवणारी वस्तू पैशाची अडचण नव्हती. कोणी विचारिले नाही, एवढीच ती अडचण होती.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नाताळानंतर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आम्ही समोर उभे होतो. तिने डोळा मिचकाविला, पाणी टिपले, आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "अहो, तुम्ही किती म्हातारे झालात!" डॉक्टर हसले, परिचारिका हसली, आम्हीही हसलो, परंतु तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते औषधाचे नव्हते. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराची भिंत पाहिली, तीवरील काजळी पाहिली, कोपऱ्यातील जाळी पाहिली, आणि आम्हांस व मुलास बोलावून म्हणाली, "घर एवढं मळलं आणि एकानंबी सांगितलं नाही!" आम्ही कसे सांगणार? आमचे चारही डोळे शाबूत होते आणि आम्हांस भिंत दिसलीच नव्हती.

तेव्हापासून आमच्या पहाटेचा क्रम पालटला आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य संपताच आम्ही उभयता पुन्हा फिरावयास निघू लागलो. आता ती बरोबरीने चालते, कधी कधी पुढेही जाते, आणि बगळे मोजून आम्हांस सांगते. आमचा मुलगा सळयांच्या कारखान्यात रात्रपाळीस असतो. त्याची पाळी सुटण्याची व आमची परतण्याची वेळ एकच असल्यामुळे कोपऱ्यावरील चहाच्या गाड्यापाशी तिघांची गाठ पडते. त्याच्या अंगास लोखंडाचा व घामाचा वास असतो, डोळे तांबारलेले असतात. एकाच छपराखाली राहून आमचे व त्याचे बोलणे पूर्वी 'जेवलास का' व 'हो' एवढ्यावरच संपे. आता त्या गाड्यापाशी दहा मिनिटे उभे राहून तो भट्टीच्या गोष्टी सांगतो, आणि आमच्या ध्यानात येते की, ज्या वयात त्यास बाप हवा होता त्या वयात आम्ही दुसऱ्यांच्या मुलांस पाढे शिकवीत होतो. ते कर्तव्य होते. त्याचा पश्चात्ताप नाही. परंतु देणे राहिले, ते राहिलेच.

रात्री जपमाळ झाली की पुण्याहून लेकीचा फोन येतो. नात पडद्यावर नाक टेकवून "आजी, मी दिसते का?" असे विचारते. मागील दोन वर्षे आजी "हो ग बाई, दिसतेस" असे उत्तर देत आली होती. आता ती नातीच्या पुढच्या पडलेल्या दातावरून तिला चिडविते. मुलीने परवा विचारिले, "आईला दात दिसला कसा? आधी तर कधी बोलली नाही." आम्ही फोन कुटुंबाकडे दिला आणि पाणी प्यावयास उठलो.

आता महोत्सवाच्या धाग्याकडे येतो. ज्यास आपण ज्युबिली म्हणतो, तो शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीवरून आला. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे. त्या वर्षी तुतारी फुंकावयाची, जमिनीस विश्रांती द्यावयाची, गुलामास मोकळे करावयाचे, आणि प्रत्येकाने आपल्या वतनात व आपल्या कुटुंबात परत जावयाचे. आम्ही महोत्सवाचा अर्थ आजवर रोषणाई, मिरवणूक व जेवणावळ असाच समजत आलो. मूळ आज्ञेतील गोष्ट किती साधी आहे, पाहा! घरी परत जा. ज्याचे जे राहिले असेल ते त्यास द्या. आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे झाली. आणि आम्हांसही सरकार सांगते की, आता घरी जा. दोन्ही तुताऱ्या एकाच वर्षी वाजल्या. त्या ऐकून घरी जावयाचे, परंतु खुर्ची टाकून बसावयास नव्हे. घरातील ज्या माणसास कधी सुट्टी मिळाली नाही, त्याच्या हातची घागर आपल्या हाती घ्यावयास जावयाचे.

आमचे साडेपाच महिने कोणाचे, हा प्रश्न मघाशी टाकला होता. १ जूनपासून १७ नोव्हेंबरपर्यंतचे दिवस आम्ही कुटुंबास देऊन टाकिले आहेत. पाण्याच्या रात्री उठण्याचे काम आमच्याकडे आले आहे. मोटार लावणे, पिंपे धुणे, भरणे, झाकणे. सकाळचा चहा आम्ही करितो. भाकरीचाही प्रयत्न केला. परंतु आमची भाकरी जिल्ह्याच्या नकाशासारखी होते, आणि मंठा तालुका नेहमी करपतो! कुटुंब म्हणते, "राहू द्या, चहाच करा." तिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये आहे, त्या वेळी रजेचा अर्ज कोणाकडे करावयाचा नाही, याचा आम्हांस फार आनंद होतो.

श्रोतेहो, तरुणांनी असे समजू नये की हे भाषण म्हाताऱ्यांकरिता आहे. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी जे शिकलो, ते अठ्ठाविसाव्या वर्षी शिकण्यास कोणाची मनाई नाही. पाऊण तास चालावयास पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या माणसास उजेडात बसवून त्याच्याकडे एकदा नीट पाहा. आईस वर्तमानपत्राची एक ओळ वाचावयास सांगा. बापास मागून हळू हाक मारून त्यास ऐकू येते काय, ते पाहा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबा व वृद्ध यांच्याकरिता जुलैतील चौथा रविवार नेमून दिला, तो संत जोआकिम व संत अ‍ॅना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपास येतो. त्या रविवारी आपल्या देवळात वृद्धांस फुले देण्याची प्रथा पडावी, हे उत्तमच. परंतु त्याबरोबर डोळे तपासणीचेही एक शिबिर व्हावे, अशी आमची समितीस नम्र विनंती आहे. वृद्धांची नावे घरोघर जाऊन लिहून घेण्यास एक निवृत्त मास्तर १ जूनपासून मोकळा आहे. नाव लिहिताना जन्मतारीखही आम्ही नीट विचारून लिहू; १ जून लिहिणार नाही.

एक शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. पेन्शन घेणाऱ्यास दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही जिवंत आहोत, असे सही करून सांगावयाचे. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या आत्म्यांकरिता प्रार्थना करण्याचा महिना. आणि कागद सांगतो की, आमचा जन्मही त्याच महिन्यातील. तेव्हा यापुढे दर नोव्हेंबरात आम्ही बँकेत जाऊन सही करू. परंतु त्याआधी पहाटे, मोती तलावाच्या काठी, बरोबर चालणाऱ्या माणसास विचारू की, तुझ्या लेखी आम्ही या वर्षी हयात होतो काय? तिने हो म्हटले, तरच बँकेत जावयाचे.

 प्रभू येशू आपल्या घराघरांतून आपल्यासंगे चालो, आणि आपणांस एकमेकांची ओळख पटवो, एवढीच प्रार्थना.